शेतासाठी आटोपशीर दुनळी बंदूक निवडताना: आधी काडतूस, मग बंदूक

कोकणातील आंबा-काजूची बाग असो, घाटमाथ्यावरचा भात असो की विदर्भातील तूर-हरभरा, वन्यप्राण्यांच्या त्रासामुळे पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना घेणारे शेतकरी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. परवाना हाती आला की पहिला प्रश्न पडतो, कोणती बंदूक घ्यावी? नेहमीची १२ बोअरची दुनळी, म्हणजे आपली डबल बार, हातात घेतली की जड वाटते. उताराच्या बागेत, काजूच्या खाली झुकलेल्या फांद्यांतून ती घेऊन फिरणे त्रासाचे होते. म्हणून २० किंवा २८ बोअरची हलकी, लहान बंदूक घ्यावी असे अनेकांना वाटते.

हा विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आपल्याकडे लहान बोअरची बंदूक एकवेळ मिळते, तिचे काडतूस मिळत नाही. शिवाय हलकेपणा नेहमी बोअर लहान केल्यानेच येतो असे नाही. पैसे मोजण्यापूर्वी कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने तपासाव्यात, याची माहिती या लेखात घेऊ.

परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नाही

बंदूक निवडण्याआधी तिचा उपयोग कुठे होणार, हे स्पष्ट हवे. शस्त्र कायदा, १९५९ नुसार मिळणारा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. प्राणी मारण्याची परवानगी हा वेगळा विषय असून तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये येतो. या कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि प्राण्यांच्या अनुसूची बदलल्या.

- रानडुक्कर आणि नीलगाय (रोही) अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाला किंवा जीविताला धोका असेल, तर कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी अर्ज तुमच्या भागातील वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.
- मोर, गवा आणि दक्षिणेकडचे आपले लाल तोंडाचे माकड अनुसूची १ मध्ये आहेत. या अनुसूचीतील प्राण्यांसाठी ‘पिकाचे नुकसान’ हे कारण कायद्यात चालत नाही. परवानगीचा विचार होतो तो प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच, आणि तोही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पातळीवर.
- परवानगीने मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता ठरतो. मांस घरी नेणे हा गुन्हा आहे.

म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांच्या बाबतीत बंदुकीचे रोजचे काम आवाज करून प्राणी हुसकावणे एवढेच उरते. परवानगी मिळालीच तर ती मुख्यतः रानडुकराची असते. निवड करताना ही दोन्ही कामे डोळ्यांसमोर ठेवा. आवाजासाठी कोणताही बोअर चालतो. रानडुकरासाठी मात्र लहान बोअर अपुरा पडतो. त्याचे कारण पुढे पाहू.

बोअर म्हणजे नेमके काय?

एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे १२ गोळे केले, तर त्यातील एका गोळ्याचा जो व्यास, तो १२ बोअरच्या नळीचा आतला व्यास. २० गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होतो. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. ४१० हा याला अपवाद असून तो इंचातील व्यास आहे (०.४१० इंच).

साधारण मापे अशी:

- १२ बोअर: नळीचा व्यास सुमारे १८.५ मिमी, छऱ्यांचा भार २४ ते ३६ ग्रॅम, दुनळीचे वजन ३ ते ३.४ किलो.
- १६ बोअर: व्यास १६.८ मिमी, भार २४ ते ३० ग्रॅम, वजन २.७ ते ३ किलो.
- २० बोअर: व्यास १५.६ मिमी, भार २१ ते २८ ग्रॅम, वजन २.५ ते २.९ किलो.
- २८ बोअर: व्यास १४ मिमी, भार १६ ते २१ ग्रॅम, वजन २.३ ते २.६ किलो.
- ४१०: व्यास १०.४ मिमी, भार ११ ते १९ ग्रॅम, वजन २ ते २.५ किलो.

लहान बोअरने काय मिळते, काय जाते?

लहान बोअरचा छर्रा हळू जातो, हा गैरसमज आहे. नळीतून सुटताना छऱ्याचा वेग सर्व बोअरमध्ये जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो छऱ्यांच्या संख्येत. काडतूस लहान, म्हणून छरे कमी. अंतर वाढेल तसे छरे पसरतात आणि त्यांच्यातील मोकळी जागा वाढते. १२ बोअरचे काडतूस साधारण ३५ मीटरपर्यंत भरीव काम करते, तर ४१० चे २० ते २५ मीटरनंतरच विरळ होते. त्यापुढे प्राणी मरत नाही, जखमी होऊन पळतो. जखमी रानडुक्कर शेतात काम करणाऱ्या माणसांसाठी सर्वांत धोकादायक असते.

आता धक्क्याबद्दल. लहान बोअरचा धक्का कमी, हे अर्धेच खरे आहे. धक्का छऱ्यांच्या भारावर आणि बंदुकीच्या वजनावर ठरतो. बंदूक बनवणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: बंदुकीचे वजन छऱ्यांच्या भाराच्या ९६ पट असावे.

- ३२ ग्रॅमच्या काडतुसाला सुमारे ३.०७ किलोची बंदूक.
- २८ ग्रॅमला सुमारे २.७ किलो.
- २१ ग्रॅमला सुमारे २ किलो.

यावरून दिसेल, की २.५ किलोच्या २० बोअरमधून २८ ग्रॅमचे काडतूस उडवले, तर ३.१ किलोच्या १२ बोअरमधून तेच २८ ग्रॅम उडवण्यापेक्षा खांद्याला जास्त लागेल. खांदा दुखतो म्हणून बोअर बदलायचा विचार असेल, तर आधी काडतूस हलके घेऊन पाहा.

काडतूस मिळते का? हा प्रश्न सर्वांत आधी

आपल्या बाजारात काडतुसांचा मुख्य पुरवठा १२ बोअरचा आहे. पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची १२ बोअरची काडतुसे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. बिहारमधील मुंगेर आणि जम्मू येथील कारखान्यांत बनणाऱ्या एकनळी-दुनळी बंदुकाही प्रामुख्याने १२ बोअरच्याच असतात. सामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक आयात करता येत नाही. त्यामुळे १६, २० किंवा २८ बोअरची दुनळी दिसली, तर ती बहुधा अनेक वर्षांपूर्वी आलेली इंग्लंड, बेल्जियम किंवा स्पेनची जुनी बंदूक असते.

४१० च्या बाबतीत कायद्याची आणखी एक अडचण आहे. पोलिसांकडे पूर्वी ४१० च्या मस्केट असत. या मस्केट आणि त्यांचे काडतूस चालू शकेल असे कोणतेही हत्यार शस्त्र नियमांत प्रतिबंधित वर्गात येते. म्हणून ४१० ची दुनळी स्वस्तात मिळत असली, तरी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.

खरेदीपूर्वी पुढील तीन गोष्टी करा:

१. तुमच्या जिल्ह्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यातील परवानाधारक विक्रेत्यांकडे त्या बोअरची काडतुसे आज शिल्लक आहेत का, हे स्वतः पाहा. ‘मागवून देतो’ हे उत्तर पुरेसे समजू नका.
२. काडतुसावरील उत्पादनाचे वर्ष पाहा. जुनी, कागदी नळीची, फुगलेली काडतुसे घेऊ नका.
३. परवान्यावर बंदुकीचा प्रकार, बोअर आणि काडतुसांची मर्यादा काय लिहिली आहे, ते तपासा. १२ बोअरची नोंद असलेल्या परवान्यावर २० बोअर घेता येत नाही. आधी नोंद बदलून घ्यावी लागते.

वर्षाला दहा काडतुसेही खात्रीने मिळत नसतील, तर ती बंदूक कितीही सुबक असली तरी शेताच्या उपयोगाची नाही.

‘आटोपशीर’ बंदूक कशी ओळखावी?

*नळीची लांबी:* दुनळीच्या नळ्या साधारण २६ ते ३० इंच असतात. २५ ते २६ इंचाची नळी झाडीत सोयीची पडते. लांबी दोन-तीन इंचांनी कमी झाल्याने छऱ्यांच्या वेगात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. आवाज मात्र कानाला जास्त लागतो. कायद्याने गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी किमान २० इंच हवी. नळी कापून आखूड करणे हा शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली गुन्हा आहे. गावातल्या लोहाराकडून किंवा लेथवर हे काम कधीही करून घेऊ नका. नळी कापल्यावर तोंडाजवळचा चोकही निघून जातो आणि छरे वाटेल तसे पसरतात.

*एकूण लांबी:* याच ठिकाणी दुनळी उजवी ठरते. पंप किंवा रिपीटर बंदुकीत काडतूस आत-बाहेर करणारी यंत्रणा नळीच्या मागे असते. दुनळीत ती नसल्याने तेवढीच नळी असूनही दुनळी काही इंचांनी आखूड होते. म्हणजे १२ बोअरची दुनळीसुद्धा बऱ्यापैकी आटोपशीर असते.

*वजन:* २.८ ते ३.१ किलोची १२ बोअर मिळाली तर शेतासाठी ती पुरेशी हलकी आहे. फक्त वजनाचा आकडा पाहू नका, तोल पाहा. बंदूक नळ्यांच्या बिजागरीजवळ बोटांवर तोलली असता साधारण आडवी राहिली, तर ती हातात हलकी वाटते. तोंडाकडे जड असलेली बंदूक दिवसभरात हात दुखवते.

*दस्ता:* चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी मध्यम उंचीच्या माणसाला साधारण ३६ ते ३७ सेंमी लागते. जुन्या विलायती बंदुकांचे दस्ते कधी त्याहून लांब असतात आणि खांद्याला लावताना सदऱ्यात अडकतात. दस्ता कुशल कारागिराकडून आखूड करून घेता येतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नळ्यांच्या मधली पट्टी सरळ डोळ्यासमोर आली, तर बंदूक तुमच्या मापाची आहे. डाव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्यांनी ही तपासणी आवर्जून करावी, कारण काही दस्ते उजव्या बाजूला किंचित वाकवलेले असतात.

*दोन चाप:* जुन्या दुनळीत बहुधा पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा असतो. डाव्या नळीचा चोक जास्त आवळलेला असतो, म्हणजे ती लांबच्या अंतरासाठी. एका चापाच्या यंत्रणेपेक्षा दोन चापांची यंत्रणा सोपी असते. ती कमी बिघडते आणि दुरुस्त करणेही सोपे जाते.

जुनी बंदूक घेताना काय तपासाल?

जुनी दुनळी घेताना शक्यतो परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याला सोबत घ्या. आधी बंदूक मोडून दोन्ही कोठ्या रिकाम्या आहेत ना, हे पाहा. मग क्रमाने:

- नळीचा आतला भाग: उजेडाकडे धरून पाहा. काळे खड्डे म्हणजे गंज. आत कड्यासारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. अशी बंदूक घेऊ नका.
- नळीचा बाहेरचा भाग: पोचा, डाग दिलेली जागा, मधली पट्टी सुटलेली आहे का पाहा. नळ्या काढून बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा स्वच्छ आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर पट्टी सैल आहे.
- नागमोडी नक्षीच्या नळ्या: पोलाद आणि लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या या जुन्या नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या आहेत. आजच्या काडतुसाचा दाब त्यांना झेपेल याची खात्री नसते. त्या भिंतीवर शोभतात, शेतात नेऊ नयेत.
- बिजागरीचा खेळ: पुढचे लाकूड काढून, बंदूक बंद करून हलवा. नळ्या खडखडल्या तर बिजागरी झिजली आहे.
- घोडे आणि सेफ्टी: दोन्ही चाप वेगवेगळे काम करतात का, एक दाबल्यावर दुसरा सुटत नाही ना, हे रिकाम्या नकली काडतुसावर तपासा. सेफ्टी बहुधा फक्त चाप अडवते. जोरात आपटल्यास घोडा सुटू शकतो.
- शिक्के आणि क्रमांक: नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर चाचणीचा शिक्का, बोअर आणि कोठीची लांबी कोरलेली असते. क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्यावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. वडिलोपार्जित बंदूक असली तरी ती तुमच्या परवान्यावर नोंदल्याशिवाय वापरू नका.

कोठी आणि काडतूस: इथे चूक परवडत नाही

जुन्या बंदुकांची कोठी बऱ्याचदा २½ इंचाची (६५ मिमी) असते. काडतुसावर लिहिलेली ७० मिमी लांबी ही काडतूस उडाल्यावर उघडलेल्या नळीची असते. न उडालेले काडतूस त्याहून आखूड असते. त्यामुळे ७० मिमीचे काडतूस ६५ मिमीच्या कोठीत सहज बसते आणि फसवते. उडताना त्याचे तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायकरीत्या वाढतो. ‘बसले म्हणजे चालते’ हा नियम बंदुकीला लागू नाही.

दुसरा धोका घरात दोन बोअर असण्याचा. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या नळीत गेले, तर ते कोठीच्या पुढे सरकून अडकते. नळी रिकामी वाटते. मागून १२ चे काडतूस भरून चाप ओढला की नळी हातातच फुटते. बोटे आणि डोळे गमावण्याचे हे जगभर नोंदलेले कारण आहे. म्हणूनच अनेक उत्पादक २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगात करतात. घरात १२ बोअर असेल तर दुसरी बंदूक २० बोअरची न घेणे हेच शहाणपणाचे. आधीच असेल, तर काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा आणि खिशात एका वेळी एकाच बोअरची न्या. प्रत्येक वेळी भरण्याआधी नळीतून आरपार उजेड पाहा.

शेतात वापरताना

- चालताना, बांध किंवा गडगा ओलांडताना बंदूक मोडलेली आणि रिकामी ठेवा. मोडलेली दुनळी लांबूनही ओळखू येते. हा तिचा मोठा गुण आहे.
- बारीक छरेही सुमारे २०० मीटर जातात. एलजी, एसजीसारखे मोठे छरे ५०० मीटरच्या पुढे जाऊ शकतात. मागे वाडी, रस्ता, गोठा किंवा दुसऱ्याची बाग असेल तर चाप ओढू नका.
- आवाजासाठीसुद्धा विजेच्या तारा, कौले आणि वस्तीच्या दिशेने बार काढू नका. कानात बोळे घाला.
- पीक संरक्षणाच्या परवान्यावर जे क्षेत्र लिहिले असेल, त्याबाहेर बंदूक नेऊ नका. परवान्यावर नाव नसलेल्या गड्याच्या किंवा राखणदाराच्या हाती ती देऊ नका.
- लग्न-वरातीत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.
- निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याचा आदेश आल्यास पोलीस ठाण्याची पावती घ्या आणि जमा करताना बंदुकीची स्थिती पावतीवर लिहून घ्या.

पावसाळ्यातील निगा

कोकण आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हा बंदुकीचा खरा शत्रू. कापडी किंवा चामडी गवसणी ओलावा धरते. त्यामुळे पावसाळ्यात बंदूक गवसणीत ठेवू नका. नळ्या आतून कोरड्या पुसून तेलाचा पातळ हात द्या. तेल भरपूर घातल्यास ते दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते. म्हणून काही दिवस बंदूक तोंड खाली करून उभी ठेवावी. काडतुसे हवाबंद डब्यात, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवा.

थोडक्यात निवड

- नवीन घ्यायची असेल तर २५ ते २८ इंच नळीची, ३ किलोच्या आसपासची १२ बोअर दुनळी घ्या आणि २४ ते २८ ग्रॅमची हलकी काडतुसे वापरा. हलकेपणाचा बहुतेक फायदा यातच मिळतो.
- २० किंवा १६ बोअरची चांगली जुनी बंदूक मिळत असेल, तर काडतुसांचा खात्रीचा पुरवठा, कोठीची लांबी आणि नळ्यांची स्थिती या तीन गोष्टी पक्क्या झाल्यावरच विचार करा.
- २८ बोअर आणि ४१० शेताच्या कामासाठी टाळा.
- रानडुकराची परवानगी मिळाली असेल तर १२ पेक्षा लहान बोअर वापरू नका.
- सौर कुंपण, सामूहिक राखण आणि नुकसानभरपाईचा अर्ज ही कामे बंदूक असली तरी चालू ठेवा. बंदुकीचा बार एका रात्रीपुरता कळप हुसकावतो, कुंपण हंगामभर उभे राहते.